पानं भिजवून गेली होती का?

गेली काही वर्षं आमच्या घरी रात्रीची जेवणं उरकली की टीव्हीवर कुणीतरी पोलीसबाई खुनाचा तपास करत असते. कधी दिल्लीत, कधी राजस्थानात, कधी कुठल्याशा थंड हवेच्या गावात. सासूबाईंना हिंदी धड कळत नाही, पण खुनी कोण ते त्या दुसऱ्याच भागात सांगून मोकळ्या होतात आणि बहुतेक वेळा बरोबर निघतं. मी सोलापूरच्या जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली करते, तीही बहुतेक आरोपीच्या बाजूने. दिवसभर पंचनामे आणि जबाब चाळायचे आणि रात्री पुन्हा तेच बघायचं, याला विरंगुळा म्हणत नाहीत. तरी बघते. आणि बघताना एक प्रश्न डोक्यातून जात नाही: या बाईला ही फाईल मिळाली कशी?

खुनी कसा सापडला हे सांगायला मालिकेला सात-आठ भाग लागतात. फाईल त्या बाईच्या टेबलावर कशी आली, हे एका वाक्यात उरकतं. साहेब म्हणतात, ‘ही केस तू बघ,’ आणि गाडी सुरू. माझ्या लेखी खरं रहस्य त्या एका वाक्यात आहे, आणि त्याचा उलगडा मी अजून एकाही मालिकेत नीट पाहिलेला नाही.

मे २०२३ मध्ये आलेली ‘दहाड’ घ्या. रीमा कागती आणि झोया अख्तर यांची ही मालिका राजस्थानातल्या मंडावा गावात घडते. सोनाक्षी सिन्हा त्यात सब-इन्स्पेक्टर अंजली भाटी झाली आहे. लग्नाचं वय उलटत चाललेल्या, हुंड्याला पैसे नसलेल्या घरांतल्या मुली एकेक करून घरातून जातात आणि कुठल्या तरी परगावच्या सार्वजनिक स्वच्छतागृहात मेलेल्या सापडतात. आतून कडी लावलेली, म्हणजे आत्महत्या, म्हणजे कागद बंद. कर्नाटकातल्या ‘सायनाइड मोहन’ या एकामागून एक बायकांचे खून करणाऱ्या माणसाच्या प्रकरणाशी या गोष्टीचं नातं उघड आहे. तिथेही लग्नाचं आमिष होतं, बसस्थानक होतं, आणि गर्भनिरोधक म्हणून हातावर ठेवलेली सायनाइडची गोळी होती.

मालिकेचं मला सगळ्यात पटलं ते सुरुवातीचं. एक भाऊ बहीण हरवल्याची तक्रार घेऊन येतो आणि कुणी ढुंकून बघत नाही. त्याच वेळी दुसऱ्या, वरच्या जातीच्या घरातली मुलगी मुसलमान मुलाबरोबर गेलेली असते आणि तिच्यासाठी अख्खं गाव रस्त्यावर येतं. मग हा भाऊही सांगतो की माझीही बहीण मुसलमानाबरोबरच गेली. लगेच चक्रं फिरतात. एवढं कडू सत्य इतक्या सहज मांडलेलं मी हिंदी पडद्यावर फार कमी पाहिलंय. त्यातच एक बारीक गोष्ट आहे. अंजली मागास जातीची, म्हणून ती शेजारून गेली की ठाण्यातला एक सहकारी अगरबत्ती लावतो. तोंडाने एक शब्द बोलत नाही. आमच्याकडे अगरबत्ती लावत नाहीत. आमच्याकडे कॉम्प्युटरवर बसवतात.

ते कसं, ते सांगते.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीतली एक अक्का, माझ्या जुन्या अशिलाची बहीण, सकाळी साडेसातला दारात उभी. एकोणीस वर्षांची मुलगी दोन रात्री घरी आलेली नव्हती. तिच्याबरोबर मी ठाण्यात गेले. कुठलं ठाणं ते जाऊ द्या, टेबल आणि खुर्ची सगळीकडे सारखीच असते. ठाणे अंमलदार माणूस वाईट नव्हता. त्याने पाणी मागवलं, पंखा अक्काच्या बाजूला वळवला. मग वय विचारलं. एकोणीस म्हटल्यावर त्याचं पेन जरा सैल पडलं.

“मग सज्ञान हाय की. मोबाईल होता का? कुणाशी बोलायची?”

अक्का गप्प.

“घरात भांडण झालतं का? लग्नाचं काय चाललंवतं का? येईल ओ अक्का चार दिवसांत. जोडीनंच येईल बघा.”

कोपऱ्यात कॉम्प्युटरवर एक महिला शिपाई मिसिंगचा फॉर्म भरत होती. रंग, उंची, अंगावरचे कपडे, ओळखीच्या खुणा. मान न वळवता तिने तेलुगूत विचारलं, “आकु नानबेट्टिंदा?” पानं भिजवली होती का?

अक्का एकदम बोलायला लागली. होय, भिजवली होती. ओल्या फडक्यात गुंडाळून सुपाशेजारी ठेवली होती. दोन दिवसांत बुरशी धरली, म्हणून काल टाकून दिली.

ज्यांनी विड्या वळणारं घर पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. तेंदूची पानं आदल्या रात्री भिजवून ठेवायची, म्हणजे सकाळी ती नरम होऊन कातरता येतात. पानं कारखान्यातून वजनावर मिळतात आणि तेवढ्यात ठरलेल्या विड्या भरून द्याव्या लागतात. पानं वाया गेली तर मजुरीला खोट. त्या दिवशी संध्याकाळी घरातून निघालेली मुलगी उद्याची पानं भिजवून निघाली होती. ती परत यायच्या बोलीवर गेली होती. घर सोडून जाणारी मुलगी कपडे घेईल, आधार कार्ड घेईल, जमलं तर आईच्या डब्यातले दोनशे रुपये घेईल. उद्याची पानं कशाला भिजवेल?

अंमलदाराला हे समजलं नाही असं नाही. पण फॉर्ममध्ये पानांचा रकाना नव्हता. तो हसून म्हणाला, “बाई, तुम्ही टाईप करा.” तिने टाईप केलं. फाईल दुसऱ्या हवालदाराकडे गेली आणि दुसऱ्या दिवशी तिला कुठल्याशा मोर्चाच्या बंदोबस्ताला पाठवलं.

ती बाई आहे म्हणून तिला सुचलं, असं म्हणणं सोपं आहे आणि चुकीचं आहे. बाईला म्हणे उपजतच माणसं कळतात. हे कौतुक ऐकलं की मला धडकी भरते, कारण याच कौतुकाच्या जोरावर तिला रडणाऱ्या पोरी आणि भांडणाऱ्या सासू-सुना सोपवून मोकळं होता येतं. तिला सुचलं ते तिच्या आईचं निम्मं आयुष्य सुपावर गेलं म्हणून, आणि तिला तेलुगू येतं म्हणून. सोलापुरात हजारो बायका विड्या वळतात. त्यांच्या घरातलं हे ज्ञान बायकांच्या हातात असतं, त्यांच्या नवऱ्यांना पानं कधी भिजवतात ते माहीतही नसतं. त्या घरांतल्या मुली आता पोलिसात गेल्यात, म्हणजे हे ज्ञान ठाण्यात येऊन बसलंय. ते कॉम्प्युटरच्या टेबलावर बसलंय, एवढीच अडचण आहे.

आता कायद्याकडे बघा. मुलगी अठराच्या आत असेल तर हरवली म्हटल्याबरोबर अपहरणाचा गुन्हा नोंदवावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ सालीच तसं बजावलंय. अठरा पूर्ण झाली की ती ‘मिसिंग’, म्हणजे रजिस्टरमधली एक ओळ. वाढदिवसाच्या आदल्या दिवशी ती गुन्ह्याची बळी असते, दुसऱ्या दिवशी स्वतःच्या मर्जीची मालकीण. सज्ञान बाईला जायचं तिथे जायचा हक्क आहेच, तो काढून घ्या असं मी म्हणत नाही. उलट घरच्यांनी पोलीस मागे लावून धरून आणलेल्या सज्ञान मुलींची कामं मी केलीत. मुद्दा एवढाच की ती मर्जीने गेली की नाही, हे कुणीतरी शोधायला हवं. तो शोध म्हणजेच तपास. रजिस्टरमधल्या ओळीला तपास म्हणत नाहीत.

तपास नेमका कुणाला मिळतो? कायद्याने बाईला पोलिसात बोलावलं ते फार विशिष्ट कामांसाठी. स्त्रीची झडती स्त्रीनेच घ्यायची. सूर्यास्तानंतर स्त्रीला अटक करायची वेळ आलीच तर महिला अधिकारी हवी आणि न्यायदंडाधिकाऱ्याची आधी परवानगी हवी. लैंगिक अत्याचाराची फिर्याद महिला अधिकाऱ्याने लिहून घ्यायची, ही २०१३ ची सुधारणा. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेतही हे सगळं कायम आहे. यातला एकेक नियम कुणाच्या तरी हालअपेष्टांतून आलेला आहे. १९७२ साली देसाईगंजच्या ठाण्यात मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर पोलिसांनीच जो अत्याचार केला, त्याची आठवण महाराष्ट्राने तरी ठेवायला हवी. म्हणून या नियमांना मी नावं ठेवणार नाही. पण या सगळ्या कामांत बाई ‘हजर’ असते. केंद्रीय गृह मंत्रालयाने २०१३ मध्ये राज्यांना कळवलं की पोलिसांत महिला ३३ टक्क्यांवर न्या आणि प्रत्येक ठाण्यात निदान तीन महिला उपनिरीक्षक आणि दहा महिला शिपाई ठेवा. कशासाठी? तर महिला मदत कक्ष चोवीस तास उघडा राहावा म्हणून. हिशोबच मदत कक्षाच्या खुर्च्यांचा होता. आजही देशभरात हे प्रमाण १२ टक्क्यांच्या आसपास रेंगाळतंय, आणि वरच्या हुद्द्यांवर त्याहून कमी आहे.

म्हणून ‘दिल्ली क्राइम’मधली नीती सिंग मला वर्तिका चतुर्वेदीपेक्षा जास्त लक्षात राहिली. दिल्लीतल्या २०१२ च्या बसमधल्या सामूहिक बलात्काराच्या तपासावरची २०१९ ची ही मालिका, पुढच्या वर्षी तिला आंतरराष्ट्रीय एमी पुरस्कार मिळाला. शेफाली शहाने उभी केलेली डीसीपी वर्तिका सगळ्यांना आठवते आणि आठवायलाच हवी. पण नीती ही नवीकोरी आयपीएस, शिकाऊ. सगळे पुरुष बस शोधत पळतात आणि तिला पीडितेजवळ थांबवलं जातं. तेही काम कुणीतरी करायला हवंच आणि ती ते मन लावून करते. तरी रसिका दुगलचा चेहरा बघा, बाहेर तपास चाललाय आणि आपण इथे आहोत, हे त्यावर लिहिलेलं आहे. आमच्या कोर्टात साक्षीला आलेल्या कितीतरी महिला पोलिसांच्या चेहऱ्यावर मी हेच वाचलंय.

कोर्टाचं निघालंच आहे तर कबुली देते. तपास ढिला असला की आरोपीच्या वकिलाचं भलं होतं. मुद्देमालाचं सील कुणाच्या ताब्यात होतं, नमुने प्रयोगशाळेत पाठवायला इतके दिवस का लागले, पंच तोच तो नेहमीचा कसा, या तीन प्रश्नांवर माझ्या घराचे हप्ते गेलेत. मालिकांत हे काहीच नसतं. तिथे खुनी कबूल करतो आणि पडदा पडतो. खऱ्या आयुष्यात पोलिसासमोरच्या कबुलीला कोर्टात काडीची किंमत नाही, आणि खटला सुटतो तो अशाच कागदांवरून.

एका खुनाच्या खटल्यात तपासी अंमलदार महिला उपनिरीक्षक होती. मी उलटतपासाला उभी राहिले आणि अर्ध्या तासात माझ्या लक्षात आलं की इथे बोट घालायला फट नाही. घटनास्थळाच्या पंचनाम्यात फुटलेल्या बांगड्यांचे तुकडे रंगाप्रमाणे मोजून लिहिलेले, दाराची कडी कुठल्या बाजूने वाकली ते लिहिलेलं, सील कुणाकडून कुणाकडे गेलं त्याच्या वेळा घातलेल्या. चिडून मी एक फालतू प्रश्न टाकला. तुम्ही खुनाचे किती तपास केलेत? “हा पहिलाच,” ती म्हणाली. “नोकरी सोळा वर्षांची.” मला वाटलं, सापडली फट. पहिलाच तपास, अनुभव नाही. मग ती शांतपणे म्हणाली, “आधी अकरा वर्षं रायटर होते.”

न्यायाधीश हसले नाहीत, पण त्यांनी चष्मा काढून पुसला. मी खटला हरले.

रायटर म्हणजे काय ते बाहेरच्यांना कळायचं नाही. ठाण्यात तपास ज्याच्या नावावर असतो तो साहेब बऱ्याचदा बंदोबस्तात, मीटिंगमध्ये, नाहीतर आणखी दहा फायलींत अडकलेला. जबाब उतरवणं, पंचनाम्याचा मजकूर, दोषारोपपत्राची जुळणी ज्याच्या हातून होते तो रायटर. अक्षर चांगलं, कामाला चोख आणि ‘बाहेर फिरायला नको’ म्हणून ठाण्यात बसवलेली महिला शिपाई या कामाला सगळ्यात सोयीची पडते. म्हणजे अकरा वर्षं ही बाई इतरांचे तपास लिहीत होती आणि सही दुसऱ्याची होती. मी कधीकाळी दुसऱ्या कुणाच्या ज्या चोख पंचनाम्यांना दाद दिली, त्यातले किती तिचे असतील कोण जाणे.

पोलिसांतल्या मित्रांशी बोललं की एक उत्तर हमखास येतं: तपास म्हणजे रात्री-बेरात्री बाहेर पडणं, परजिल्ह्यात आरोपी उचलायला जाणं, ते त्यांना झेपत नाही, घरी लेकरं असतात. लेकरं त्यांच्या नवऱ्यांनाही असतात. पण हे उत्तर नुसतं हसून सोडून देण्यासारखं नाही. जानेवारी २०२२ मध्ये आपल्या राज्यात महिला पोलिसांची ड्युटी बारा तासांवरून आठ तासांवर आणली. माझ्या ओळखीतल्या प्रत्येक महिला पोलिसाने तेव्हा सुटकेचा श्वास टाकला, आणि तो योग्यच होता. जिथे हा आदेश नीट पाळला तिथे मुलांचे डबे वेळेवर झाले. मात्र त्याची दुसरी बाजू आमच्या कॉरिडॉरमध्ये लगेच ऐकू यायला लागली. “आठ तासांचं माणूस तपासाला काय कामाचं?” आदेश सवलत म्हणून आला आणि ठपका होऊन बसला. आठ तास माणसाला पुरतात हे खरं असेल तर ते सगळ्यांना पुरतात. बारा-चौदा तास जागलेल्या पुरुष हवालदाराने लिहिलेले जबाब मी वाचते. शेवटच्या पानावर साक्षीदाराचं गाव बदललेलं असतं. माझा फायदा होतो, समाजाचा होत नाही. पाळ्या सगळ्यांच्या आखा, मग बाईला तपास न द्यायला तासांचं निमित्त उरणार नाही.

मालिकांवर माझा खरा राग इथे आहे. त्या एकच बाई दाखवतात. ती विलक्षण हुशार असते, हट्टी असते, तिचं घर मोडकळीला आलेलं असतं, साहेब तिच्या विरोधात असतो आणि ती त्याला न जुमानता खुनी शोधते. बघताना बरं वाटतं. पण यातून जो बघतो त्याच्या मनात काय ठसतं? तपास करणारी बाई म्हणजे अपवाद, वेडं धाडस, घरावर पाणी सोडलेली. पुण्या-मुंबईतल्या लेखकांना ठाण्याचा कारभार माहीत नाही असं नाही, पण ड्युटी पास वाटणाऱ्या हवालदाराच्या टेबलावर नाट्य नसतं. तिथे कॅमेरा लावला तर कळेल की बाई हरते ती खलनायकापुढे नव्हे, पुढच्या आठवड्याच्या वाटपात.

मोठ्या हुद्द्यावरच्या बाईचं उदाहरण मला लगेच दिलं जातं. सोलापूरकरांना तर ते द्यायचा हक्कच आहे. तेजस्वी सातपुते ग्रामीणच्या पोलीस अधीक्षक असताना २०२१ मध्ये ‘ऑपरेशन परिवर्तन’ सुरू झालं. मुळेगाव तांड्यासारख्या ठिकाणी हातभट्टीवर नुसत्या धाडी न घालता, त्या घरांना दुसरा रोजगार मिळवून द्यायचा आणि एकेका अधिकाऱ्याने एकेक गाव दत्तक घ्यायचं. पोलिसी काम असंही असतं हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं. राज्याला पहिल्या महिला पोलीस महासंचालक, रश्मी शुक्ला, जानेवारी २०२४ मध्ये मिळाल्या. अभिमान आहेच. पण अधीक्षक यूपीएससीच्या जिन्याने येतात आणि दोन वर्षांत बदलून जातात. पहाटे मैदानावर आठशे मीटरचा सराव करून शिपाई झालेली मुलगी तीस वर्षं इथेच राहते. ती कुठल्या टेबलावर बसणार हे अधीक्षक नव्हे, ठाण्याचा प्रभारी ठरवतो.

आणि मिसिंगचा विषय निघाला की मला अश्विनी बिद्रे आठवतात. सहायक पोलीस निरीक्षक. एप्रिल २०१६ मध्ये नवी मुंबईतून बेपत्ता झाल्या. त्या स्वतः पोलीस अधिकारी, तरी गुन्हा नोंदवायला २०१७ साल उजाडलं, आणि तेही घरच्यांनी उंबरे झिजवल्यावर. त्यांचा खून झाला होता, आणि आरोपी निघाला त्यांच्याच खात्यातला अधिकारी, अभय कुरुंदकर. २०१७ च्या डिसेंबरमध्ये त्याला अटक झाली. जन्मठेप झाली ती एप्रिल २०२५ मध्ये, पनवेलच्या न्यायालयात. नऊ वर्षं. वर्दीतली बाई हरवली तेव्हाही ‘येईल परत’ हेच पहिलं उत्तर असेल, तर घरकुलातल्या अक्काला वेगळं काय मिळणार होतं?

मला काय हवंय असं कुणी विचारलं तर माझी मागणी अगदी कोरडी आहे, मालिका निघणार नाही अशी. प्रत्येक ठाण्याने वर्षाअखेर दाखवावं की दाखल गुन्ह्यांपैकी किती तपास महिला अंमलदारांच्या नावावर होते, आणि त्यात बायकांवरचे गुन्हे सोडून चोरी, घरफोडी, फसवणूक, खून किती. किती बायका भरती झाल्या हा आकडा आपण टाळ्या वाजवून ऐकतो, दुसरा कुणी विचारतच नाही. मिसिंगच्या फॉर्ममध्ये शेवटी चार ओळी मोकळ्या ठेवाव्यात, ‘फॉर्म भरणाऱ्याचं निरीक्षण’ म्हणून, आणि तिची सही घ्यावी. म्हणजे नंतर माझ्यासारख्या वकिलाला विचारता येईल की हे लिहिलेलं असताना तुम्ही काय केलंत.

या जानेवारीत सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत पानांचं विचारणारी ती महिला शिपाई भेटली. होम मैदानावर पाळण्याच्या रांगेपाशी शिट्टी घेऊन उभी होती. धूळ, भोंगे, भज्यांचा वास, आणि सकाळपासून तिथेच. तिने मला आधी ओळखलं. मी विचारलं, त्या पोलीसबायांच्या मालिका बघता का?

“बघते की मॅडम. दुसऱ्या भागात झोपच लागते बघा.”

मग तिने इकडे तिकडे पाहून हळूच विचारलं, “त्या पोरीचं पुढं काय झालं ओ?”

तीन वर्षांत तिला कुणी सांगितलं नव्हतं. मी सांगितलं. मुलगी बाराव्या दिवशी भिवंडीत सापडली होती. तिच्यावर काय गुदरलं ते तिचं तिच्यापाशी, मी लिहिणार नाही. पळून गेली नव्हती, एवढं खरं. तिला कामाच्या नावाने नेलं होतं.

“पानं भिजवलेली होती मॅडम,” ती म्हणाली. तेवढ्यात रांगेत ढकलाढकली झाली आणि ती शिट्टी वाजवत तिकडे वळली.